मडक्यातली लस

मी गावात शिरलो की पोरं पळायची. एखादं कणगीमागं दडायचं, एखादं थेट म्हशीच्या पोटाखाली. जेवताना हट्ट करणाऱ्या पोराला आया सांगायच्या, "गप जेव, न्हाईतर देवीडाक्टरला बोलवीन." डॉक्टर वगैरे मी मुळीच नव्हतो. सातवी फायनल पास, थोडं ट्रेनिंग, एक खाकी कोट, एक सायकल आणि हुद्दा व्हॅक्सिनेटरचा, म्हणजे देवी काढणारा. बागुलबुवाच्या जागेवर सरकारनं पगार देऊन नेमलेला माणूस म्हणा ना.

ह्या अंकाच्या संपादकांनी गमतीचे अनुभव लिहा म्हणून सांगितलं. ते आहेत पुष्कळ. ताथवड्यात एकदा तीन घरांतून तीन बायकांनी आपापलं पोर माझ्यापुढं आणलं आणि दंडावरचा वण दाखवून "ह्याचं झालंय" म्हणून परत नेलं. तिसऱ्या वेळी माझ्या ध्यानात आलं की पोर एकच आहे, फक्त टोपी बदलतेय. आपलं लपवायचं आणि शेजारणीचं दाखवायचं, असा तो बेत. मी त्या पोराला गूळ दिला आणि पुन्हा पहिल्या घरापासून सुरुवात केली. असं बरंच सांगता येईल. पण ह्या वयात लिहायला बसलो की हात दुसरीकडेच जातो. मला भीतीबद्दल लिहायचंय. पोरांच्या नव्हे, माझ्या.

आधी ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी चार शब्द. देवी हा रोग आता जगात उरलेला नाही, त्यामुळे तो काय होता हे सांगावं लागतं. आधी तीन दिवस सणसणून ताप, मग तोंडापासून तळपायापर्यंत फोड. किती तरी माणसं त्यातच जायची. जगली त्यांच्या चेहऱ्याची चाळण व्हायची, आणि डोळ्यात फोड आला तर डोळा जायचा. औषध नव्हतंच. घरात देवी आल्या की दाराला कडुलिंबाचा डहाळा लागायचा. मग त्या घरात फोडणी बंद, मोठ्यानं बोलणं बंद, परक्या माणसाला उंबरा बंद. आणि अशा घरात टोचायचं नावही काढायचं नाही, कारण बाया, म्हणजे देवी, आलेल्या असताना वर सुई लावणं म्हणजे त्यांचा अपमान. आमच्यासारख्यांना तो डहाळा लांबूनच ओळखता यायचा.

लस काचेच्या बारीक नळ्यांतून यायची, भुशात घालून, पोस्टानं. तिचा एकच शत्रू, ऊन. गारव्यात राहिली तर दंडावर काम करायची, तापली की नुसतं पाणी. आताच्यासारखी बर्फाची पेटी कुठली आमच्याकडे? नळ्या ओल्या फडक्यात गुंडाळायच्या, मातीच्या मडक्यात ठेवायच्या, मडकं सावलीत आणि फडकं सारखं ओलं. टोचायला दातेरी चकती असलेलं एक हत्यार असे. दंडावर लसीचा थेंब टाकून ती चकती फिरवायची, पोर किंचाळायचं, आई रडायची, आणि काम झालं. पण खरं काम आठव्या दिवशी. परत जाऊन दंड बघायचा. फोड आलेला असला की म्हणायचं 'देवी उठली', म्हणजे ते पोर वाचलं. नाही उठली तर पुन्हा टोचायचं. वहीत त्यासाठी वेगळा रकाना होता. दिसायला साधा रकाना, पण अख्ख्या खात्याचा जीव त्यात.

पन्नासनंतरची ती वर्षं. देश नवा होता आणि सगळ्यांना सगळं मिळायचं होतं. आमचे साहेब सभेत सांगायचे की आरोग्य आता राजवाड्यातही तेवढंच आणि झोपडीतही तेवढंच. मला ते मनापासून पटायचं. मी टाळ्याही वाजवायचो.

माझ्याकडे चिंचवड स्टेशनापासून पवनाकाठची गावं होती. त्यातल्या एका गावाची ही गोष्ट. नाव लिहीत नाही, माणसं अजून आहेत तिथं. गावाबाहेर ओढा, ओढ्यापलीकडे दगडाची खाण. पिंपरीकडे कारखान्यांची बांधकामं निघाली होती, त्यातला एक तर औषधांचाच, आणि त्या सगळ्यांना खडी लागायची. ती फोडायला बीड, नगरकडची माणसं येऊन खाणीच्या काठावर पालं ठोकून राहिली होती.

गावात देवी काढायची एक ठरलेली रीत होती. कुणी लिहून दिलेली नव्हती, पण मोडतही कुणी नव्हतं. पहिल्या दिवशी सकाळी पाटलाची आळी आणि तिच्या आजूबाजूची मोठी घरं. दुसऱ्या दिवशी माळी, सुतार, लोहार. तिसऱ्या दिवशी ओढ्याकाठची वस्ती, आणि सगळ्यात शेवटी, उरला वेळ तर, खाणीवरची पालं. मीही असाच जायचो. वाईट हेतू म्हणाल तर नव्हता. पाटलाकडे चहा मिळायचा, बसायला घोंगडी मिळायची, आणि मोठ्या घरांनी दंड पुढं केला की बाकीचं गाव आपोआप यायचं. त्या वर्षी माझी धाकटी लेक सहा महिन्यांची होती. पार्सल फोडलं तेव्हा पहिली नळी मी घरीच मोडली, तिच्या दंडावर. आठव्या दिवशी असा छान टपोरा फोड आला होता की आमच्या हिनं दृष्ट काढली.

होळी होऊन गेली होती. गावातल्या फेरीच्या तिसऱ्या दिवशी दुपारी मी खाणीवर गेलो. मडकं जड, ओढ्यात घसरडे दगड, म्हणून मडकं ठेवलं चावडीत आणि उरलेल्या नळ्या घातल्या कोटाच्या खिशात. थोडक्यासाठी कशाला ओझं, असा विचार केला. खाणीत सावली औषधालाही नसते. पोरं उन्हात रांगेत उभी केली आणि टोचत गेलो. शेवटच्या नळीला हात लावला तेव्हा ती चुलीजवळच्या वाटीसारखी लागली. मला कळलं होतं. हे मी आज लिहितोय, तेव्हा स्वतःशीही कबूल केलं नव्हतं. पण मला कळलं होतं.

आठव्या दिवशी गावातले दंड बघितले. सगळे उठलेले. खाणीवर जायचं तर पुन्हा ओढा, पुन्हा ऊन, आणि महिनाअखेरचा कागद पुण्याला जायचा होता. चावडीत बसूनच मी वहीत गावाच्या नावांपुढं 'उठली' लिहिलं आणि खाणीवरच्या नावांपुढं 'वरीलप्रमाणे'. पाटलानं सही केली. गाव पूर्ण झालं.

पुढं दोन-तीन आठवड्यांनी आकुर्डीकडे निघालो होतो. सायकलवरून सहज खाणीकडे नजर गेली आणि एका पालाच्या दांडीला कडुलिंबाचा डहाळा दिसला.

पाय पेडलवरच राहिले. सायकल आपोआप थांबली आणि मी पडता पडता वाचलो.  ओढा कसा ओलांडला आठवत नाही. पहिलं दिसलं ते पोर धरलं आणि त्याची बाही वर केली. दंड कोरा. दुसऱ्याचा कोरा. तिसऱ्याचा कोरा. चकतीचा चट्टासुद्धा पुसून गेला होता. माझ्या वहीत ही सगळी पोरं वाचलेली होती.

डहाळा शेवंताच्या पालाला होता. शेवंता बीडकडची, तिशीच्या आतबाहेर, हातोडा गड्यासारखा चालवायची. तिचा दीर गावाकडून आला होता तो ताप घेऊनच. आत गोधडीवर पडला होता, तोंड ओळखू येत नव्हतं. तिची चार वर्षांची रखमी त्याच पालात निजत होती.

"रखमीला पुन्हा टोचावं लागंल," मी म्हणालो. "सगळ्याच पोरांना. उद्याच."

शेवंता पालाच्या तोंडाशी आडवी उभी राहिली. "आता नाई. घरात बाया आल्यात. आन टोचलंय की तुम्ही. मीच धरली व्हती लेकीला. लई रडली ती."

"टोचलं, पण लागलं नाही."

"काऊन लागलं नाई?"

इथं मला खोटं बोलता आलं असतं. लस खराब आली, पोस्टानं उशीर केला, पोरांची कातडीच तशी, काहीही. तोंडात शब्द तयार होते. पण आतून तो माणूस कण्हला, आणि रखमी तिच्या आईच्या पायाला धरून माझ्याकडे बघत होती. मला इतकी भीती वाटली की ते खोटं तोंडाबाहेर निघेना.

"लस उन्हानं मेली होती," मी म्हणालो. "मला कळलं होतं. तरी टोचली. आणि नंतर बघायला आलो नाही."

आजूबाजूच्या बायका हातोडे ठेवून जवळ आल्या होत्या. शेवंतानं आवाज चढवला नाही.

"पाटलाच्या आळीत कवा टोचलं व्हतं?"

"पहिल्या दिवशी. सकाळी."

"आन आमाला?"

"तिसऱ्या दिवशी. दुपारी."

"ते मडकं घिऊन फिरता ना तुम्ही, ते कुठं व्हतं तवा?"

"चावडीत."

"तुमाला लेकरू हाय का?"

"आहे. मुलगी."

"तिला?"

"तिला सगळ्यांच्या आधी," मी म्हणालो. मान वर करता येईना.

 तिनं डहाळ्याकडे बघून हात जोडले, काहीतरी पुटपुटली आणि मला म्हणाली, "बायांचं मी बघंन. माफी मागंन त्यांची. तुम्ही उद्या या. पन पयलं हितं. मडकं घिऊन."

मी तसाच स्टेशनावर गेलो आणि पुण्याची गाडी धरली. गाडीत समोरच्या बाकावर एक बाई पोराला मांडीवर घेऊन बसली होती. मी उठून दाराशी उभा राहिलो. माझ्याच कपड्यांची मला भीती वाटायला लागली होती.

साहेबांनी माझी वही उघडली. "ही वस्ती तर पूर्ण आहे. देवी उठल्या आहेत."

"नाहीत साहेब. मी न बघता लिहिलं."

साहेब माणूस वाईट नव्हता. चष्मा काढून टेबलावर ठेवला. म्हणाले, "अहो, आकडा वर गेलाय. इथून मुंबईला, तिथून दिल्लीला. आता तो खाली कोण आणणार? ती पोरं सरकारच्या लेखी सुरक्षित आहेत." मग स्वतः उठून कपाटातून नळ्या काढून दिल्या. त्या वेळी लस कुठंच मुबलक नव्हती, मोजूनच मिळाल्या. "आधी टोचा. तुमचं काय करायचं ते नंतर बघू," म्हणाले.

सकाळी मडकं सायकलच्या हँडलला बांधून, एका हातानं धरून मी गावात आलो तर वेशीवर पाटील उभा. बातमी पसरली होती. मागं आळीतल्या बायका पोरं काखेत घेऊन.

"डाक्टर, आदी आमच्या आळीत चला. पोरास्नी दुसऱ्यांदा टोचून घ्या. घरातली मानसं घाबरून बसल्यात."

"पाटील, तुमच्या पोरांच्या देवी उठल्यात. मी डोळ्यांनी बघितल्यात. त्यांना काही होत नाही."

"मंग खानीवरच्यांच्या बी उठल्यात की. तुमच्याच वहीत हाय. मी सही क्येली हाय. आन ती मानसं काय, आज हायती, उद्या पालं उचलून जात्याल. गाव आमाला संबाळायचंय."

माझं खोटं असं मला वेशीवर आडवं आलं. त्या वहीमुळं खाणीवर जायला माझ्याकडे कारणच उरलं नव्हतं. मडक्यातलं पाणी हिंदकळून कोटावर सांडत होतं. गावकामगार पाटलापुढं 'नाही' म्हणायची माझी ती पहिलीच वेळ, आणि तीही चोर म्हणून.

"वहीत मी खोटं लिहिलंय, पाटील. खाणीवरच्या एकाही पोराची उठलेली नाही. तुमची सही मी खोट्यावर घेतली."

 पाटलाच्या घरात एक म्हातारी देवीनं आंधळी होती, हे मला माहीत होतं. शेवटी तो बाजूला झाला.

"जावा," म्हणाला. "पन सायबाम्होरं मी गप बसनार न्हाई."

"बसू नका," मी म्हणालो आणि ओढ्यात उतरलो.

त्या दिवशी मी खाणीवरच्या शेवटच्या पालापासून सुरुवात केली. शेवंतानं एकेक पोर आणून धरलं. ज्या बायका नको म्हणत होत्या त्यांना ती माझ्या आधी शिव्या घालायची. रखमीला ताप नव्हता. मी तिच्या कपाळाला तीनदा हात लावून बघितला. संसर्ग होऊन पहिले तीन-चार दिवस झाले असले तर लस रोगाला गाठते, त्यापुढं शर्यत अवघड, हे आम्हाला शिकवलेलं होतं. दीर येऊन किती दिवस झाले ते मी विचारलं. शेवंतानं बोटांवर मोजलं. हाताची बोटं संपली, तरी ती मोजतच होती.

त्यानंतरचे दिवस. रोज सकाळी खाणीवर जायचं, पोरांच्या कपाळाला हात लावायचा, दंड बघायचे. घरी आलो की अंगणात कपडे उकळत्या पाण्यात टाकायचे आणि ओट्यावरच बसायचं. लेक आतून माझ्याकडे रांगत यायची आणि आमची ही तिला उचलून मागं न्यायची. "तिला टोचलंय ना पण?" ही म्हणायची. "टोचलंय," मी म्हणायचो. तेवढा एक शब्द मला माझ्या घरात म्हणता येत होता आणि खाणीवर म्हणता येत नव्हता, ह्याची लाज वाटायची. नोकरी जाईल ह्याची भीती पहिले दोन दिवस होती. नंतर तिला जागाच उरली नाही.

चौथ्या दिवशी रखमीला ताप आला.

आठव्या दिवशी बाकीच्या सगळ्या पोरांचे दंड उठले. एकूण एक. मी त्या खडीत मटकन बसलो आणि रडलो. बायका बघत होत्या, बघू देत. त्याच दिवशी रखमीच्या तोंडावर फोड भरत आले होते. दंडावरची देवीही उठली होती तिची, पण उशिरा. शेवंता कडुलिंबाच्या पाल्यानं तिला वारा घालत बसलेली असायची. मी पालाबाहेर उभा राहायचो. ती कधी आत या म्हणाली नाही आणि कधी जा म्हणाली नाही. तिचा दीर, ज्याच्या जगण्याची कुणाला आशा नव्हती, तो बरा होऊन भाकरी खायला लागला. रखमीही जगली. डावा डोळा गेला.

पाटलानं शब्द पाळला. चौकशी झाली, मी सगळं लिहून दिलं. मला वाटलं काढून टाकतील. काढलं नाही, चाकणकडे बदली केली. वहीतलं ते पान मात्र कुणी बदललं नाही. 'वरीलप्रमाणे' आजही कुठल्या तरी कपाटात असेल, आणि त्या हिशोबानं रखमीचे दोन्ही डोळे शाबूत आहेत.

पुढं देवी हटवायची मोठी मोहीम आली, जीपगाड्या आल्या, नवी सुई आली, उन्हाला दाद न देणारी लस आली. मोठमोठ्या साहेबांनी आम्हाला शिकवलं की रोग शेवटच्या घरात राहतो, तिथं आधी पोहोचा. मी मागच्या बाकावर बसून ऐकायचो. मला ते एका खडी फोडणाऱ्या बाईनं पाच प्रश्नांत आधीच शिकवलं होतं. चाकणला पहिल्या दिवसापासून मी उलटी रीत लावली. सकाळी पहिलं मडकं गावाबाहेरच्या पालांवर, पाटलाची आळी शेवटी. ओरड झाली, तक्रारी गेल्या, एका सरपंचानं चहा बंद केला. न मिळालेल्या त्या चहाबद्दल मला आजही बरं वाटतं.

मोहीम यायच्या किती तरी आधी, बदलीनंतरच्या दुसऱ्या का तिसऱ्या हिवाळ्यात चाकणजवळच्या एका खाणीवर गेलो. पालं तशीच, माणसं फिरती. मी मडकं सावलीत ठेवलं आणि हाक दिली. पहिली बाई पुढं आली तिच्या काखेत तान्हं पोर, आणि पदराला धरून एक मुलगी. मुलीचा चेहरा बघितला आणि ओळख पटली. रखमी उंच झाली होती. एका डोळ्यानं माझ्याकडे अगदी सरळ बघत होती.

शेवंतानं मला ओळखलं होतं. नमस्कार नाही, रागाचा शब्द नाही. तिनं तान्हं रखमीकडे दिलं, खाली वाकली, मडक्यावरचं फडकं बाजूला केलं आणि हात आत घालून नळ्या चाचपल्या. चांगल्या सावकाश. मी हात बांधून उभा होतो. साहेबांनी माझी वही तपासली तेव्हाही मी असा उभा राहिलो नव्हतो.

"गार हाय," ती रखमीला म्हणाली. मग तान्ह्याची बाही वर केली.